काचेच्या टाकीतील सहजीवन : पिल्ले देणारे मासे घरी कसे पाळावेत

‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे वाक्य महाराष्ट्रातील कित्येक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आणि ग्रामपंचायतींच्या भिंतींवर रंगवलेले आपण वाचले असेल. साचलेल्या पाण्यातील डासांच्या अळ्या खाणारा, बोटाच्या पेराएवढा हा मासा सरकारी हिवताप विभागाचा जुना सेवक आहे. त्याच गप्पीचे रंगीत, झुपकेदार शेपटीचे भाऊबंद आज नालासोपारा, विरार, वसईतील वन रूम किचनच्या घरांत काचेच्या टाकीत पोहताना दिसतात. परीक्षेत चांगले गुण मिळाले म्हणून, वाढदिवस म्हणून किंवा मुलाने हट्टच धरला म्हणून दुकानातून चार जोड्या आणल्या जातात. पहिल्या आठवड्यात घरातील सगळे टाकीपुढे बसतात. दुसऱ्या आठवड्यात एखादा मासा पाण्यावर उलटा तरंगतो. तिसऱ्या आठवड्यात पिल्ले होतात आणि घरात आनंदीआनंद होतो. सहा महिन्यांनी मात्र ‘एवढ्या माशांचे करायचे काय?’ हा प्रश्न उभा राहतो आणि कुणीतरी सुचवते, ‘तळ्यात सोडून द्या, पुण्य लागेल.’

आपल्या धम्मवर्गाला येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी अशी टाकी आहे. म्हणून हा विषय स्मरणिकेत यावा असे वाटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात धम्माचे दोन आधार सांगितले आहेत, प्रज्ञा आणि करुणा. मासे आणणाऱ्या घरांत करुणा बहुधा असतेच. कमी पडते ती प्रज्ञा, म्हणजे माशाच्या गरजांची जाण. ही जाण नसेल तर मायेने घातलेले अन्नच माशाला मारते आणि मायेने तळ्यात सोडलेला मासा तळ्यातील इतर जिवांना मारतो. या लेखाचा सारा आशय एवढाच आहे. आता तो तपशिलाने पाहू.

पिल्ले देणारे मासे म्हणजे कोण?

बहुतेक मासे अंडी घालतात. काही जातींत मात्र अंडी मादीच्या पोटातच फलित होतात, तेथेच उबतात आणि पोहणारे, डोळे उघडे असलेले पिल्लू बाहेर येते. आपल्या वसईकरांना ही गोष्ट नवी वाटू नये. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव येथील कोळी भगिनींना विचारा, मुशी कापताना तिच्या पोटात पिल्ले सापडतात हे त्या सांगतील. समुद्रात जे मुशी करते, तेच गोड्या पाण्यात हे छोटे मासे करतात.

घरच्या टाकीत पाळले जाणारे असे मासे मुख्यतः चार : गप्पी, प्लॅटी, मॉली आणि स्वोर्डटेल. हे सारे मूळचे अमेरिका खंडातील. गप्पी दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा आणि जवळच्या त्रिनिदाद बेटावरचा. प्लॅटी व स्वोर्डटेल मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. गप्पी हे नाव गप्पा मारण्यावरून आलेले नाही. त्रिनिदादला राहणाऱ्या रॉबर्ट गप्पी या गृहस्थांनी हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले आणि १८६६ मध्ये तेथील शास्त्रज्ञाने त्यांच्या नावावरून माशाचे नामकरण केले. एका जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच या माशाचे वर्णन केलेले असल्यामुळे शास्त्रीय नाव पुढे बदलले, पण बोलण्यात गप्पी राहिले ते राहिलेच.

नर आणि मादी ओळखणे सोपे आहे. नराच्या पोटाखालचा पर निमुळता, काडीसारखा असतो. मादीचा तोच पर पंख्यासारखा पसरट असतो. गप्पीचा नर लहान व रंगीत, मादी मोठी व फिकट. स्वोर्डटेलच्या नराच्या शेपटीला खालच्या बाजूने तलवारीसारखे टोक असते. ही ओळख प्रत्येकाने दुकानात जाण्यापूर्वीच करून घ्यावी, कारण टाकीतील शांतता पुष्कळशी हिच्यावर अवलंबून आहे.

टाकी, जागा आणि पाणी

गोल काचेचे भांडे शोभेला बरे, माशाला नाही. त्यात पाणी थोडे मावते, ते लवकर खराब होते आणि लवकर तापते. सुरुवातीला दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकी घ्यावी. तिच्यात काठोकाठ सुमारे ५४ लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची रिकामी जागा सोडली तर ४५ लिटरच्या आसपास. पाणी, काच आणि वाळू मिळून वजन साठ किलोच्या पुढे जाते, तेव्हा ती टीव्हीच्या हलक्या शोकेसवर ठेवू नये. भक्कम, सपाट टेबलावर, खाली थर्मोकोलचा पातळ तुकडा घालून ठेवावी. खिडकीतील ऊन थेट टाकीवर येऊ देऊ नये, त्याने पाणी तापते आणि काचेवर हिरवे शेवाळ धरते. वर झाकण हवेच. स्वोर्डटेल उडी मारण्यात पटाईत असतो.

या माशांना २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. आपल्या किनारपट्टीवर हिवाळाही तसा सौम्य असल्यामुळे हीटर बहुधा लागत नाही. मे महिन्यातील उकाड्यात झाकण थोडे उघडे ठेवून त्यावर जाळी घालावी.

पाण्याच्या बाबतीत आपल्या भागात तीन प्रकार आढळतात : सूर्या प्रकल्पाचे नळाचे पाणी, सोसायटीच्या बोअरचे पाणी आणि टँकरचे पाणी. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन असते. ते माशाच्या कल्ल्यांना जाळते. म्हणून असे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत चोवीस तास उघडे ठेवावे किंवा दुकानात मिळणारे ‘हायपो’चे थेंब बाटलीवरील प्रमाणानुसार घालावेत. बोअरच्या पाण्यात बहुधा क्षार जास्त असतात. साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरा थर धरतो, ते जड पाणी. गृहिणीला नकोसे वाटणारे हे जड पाणी पिल्ले देणाऱ्या माशांना मात्र मानवते, कारण त्यांचे मूळचे पाणीच पुष्कळदा क्षारयुक्त असते. अर्थात खाडीलगतच्या भागात बोअरचे पाणी जिभेला खारट लागत असेल तर ते गप्पी व प्लॅटीसाठी वापरू नये. मॉलीला थोडा खारेपणा चालतो. टँकरचे पाणी प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणचे असू शकते, तेव्हा ते एकदम भरपूर घालू नये.

काही जण ‘शुद्ध पाणी’ म्हणून आरओ यंत्राचे पाणी टाकीत भरतात. माशाबद्दलच्या प्रेमातून हे होते, पण त्या पाण्यातील क्षार यंत्राने काढून घेतलेले असतात. नुसत्या अशा पाण्यात गप्पी व मॉली अंग आखडून घेतात, पर मिटतात आणि हळूहळू खंगतात. आपल्याला जे उत्तम, ते दुसऱ्या जिवालाही उत्तमच असते असे नाही.

न दिसणारे कामगार

नव्या टाकीत मासे का मरतात, हा प्रश्न दुकानदाराला सर्वांत जास्त विचारला जात असेल. मासे पाण्यातच श्वास घेतात आणि पाण्यातच मलमूत्र टाकतात. त्यातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. अमोनिया हे विष आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी स्फटिकासारखे दिसत असतानाही तो असू शकतो. वाळूत, काचेवर आणि फिल्टरच्या स्पंजवर हळूहळू काही उपयुक्त जिवाणू वाढतात. त्यातील एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो. नायट्राइटही विषारीच. दुसरा गट त्याचे नायट्रेट करतो, ते बरेच सौम्य असते आणि पाणी बदलताना निघून जाते. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. ज्यांनी टाकी भरली त्याच दिवशी वीस मासे सोडले, त्यांच्या टाकीत घाण करणारे वीस आणि सफाई कामगार एकही नाही, अशी अवस्था होते.

यावर उपाय संयमाचा. टाकी भरावी, स्पंज फिल्टर सुरू करावा, वनस्पती लावाव्यात. ओळखीच्या कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर त्यांच्या स्पंजचा तुकडा किंवा मूठभर वाळू आणून टाकावी, म्हणजे जिवाणूंचे विरजण लागते. आठवडाभराने तीन-चारच मासे सोडावेत आणि बाकीचे पुढील महिन्या-दीड महिन्यात थोडे थोडे. आपल्या जड पाण्याच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. जड पाणी बहुधा अल्कधर्मी असते आणि अशा पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. म्हणजे ज्या पाण्यात गप्पी खूश राहतो, त्याच पाण्यात घाईची शिक्षाही कडक आहे.

पुढे दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून तेवढेच मुरवलेले पाणी घालावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुऊ नये, जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्यावा. आणि दिवाळीच्या साफसफाईप्रमाणे सगळी टाकी रिकामी करून, वाळूसकट घासून पुन्हा भरण्याची हौस टाळावी.

वीज गेली तर घाबरू नये. २०१८ च्या जुलैतील मुसळधार पावसात वसई-विरारच्या अनेक भागांत पाणी भरले आणि वीजही बंद होती, हे आपल्याला आठवत असेल. अशा वेळी माशांना अन्न देऊ नये, झाकण उघडावे आणि अधूनमधून तांब्याने टाकीतीलच पाणी काढून उंचावरून परत ओतावे, म्हणजे त्यात हवा मिसळते. ज्या टाकीत मासे कमी आहेत ती टाकी असे संकट निभावून नेते. गर्दीची टाकी पहिल्या रात्रीच हात टेकते.

कळप कसा जमवावा

दुकानात ‘जोडी’ मागण्याची आपल्याला सवय आहे. पिल्ले देणाऱ्या माशांच्या बाबतीत जोडी ही सर्वांत वाईट मांडणी आहे. नर दिवसभर मादीच्या मागे लागतो. टाकीत एकच मादी असेल तर तिला क्षणाची उसंत मिळत नाही. ती कोपऱ्यात लपते, खात नाही आणि शेवटी आजारी पडते. तिची प्रकृती नाजूक होती असे आपण म्हणतो, खरे तर आपली मांडणी चुकलेली असते. एका नरामागे दोन किंवा तीन माद्या असाव्यात, म्हणजे नरांचा जाच विभागला जातो. आपल्या दोन फुटी टाकीत तीन नर व सात माद्या एवढे गप्पी सुखाने राहतात. त्यात कोपऱ्यात घनदाट वनस्पती, मध्यभागी पोहायला मोकळी जागा आणि एखादा उलटा ठेवलेला मातीचा फुटका कुंडा असावा. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, जावा मॉस या वनस्पती सहज वाढतात. लपायला जागा असली की पाठलाग लवकर संपतो, कारण समोरचा दिसेनासा होतो.

दुसरा मार्ग अनेकांना माहीत नसतो. फक्त नर गप्पींचा कळप ठेवता येतो. दहा-बारा नर एकत्र असले तर थोडी शेपूट-फुगवाफुगवी चालते, पण कुणा एकालाच सतत त्रास होत नाही. रंग भरपूर आणि पिल्लांचा प्रश्नच नाही. लहान घरासाठी व पहिल्यांदा मासे पाळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही मांडणी सर्वांत सोयीची. मात्र स्वोर्डटेलला हा नियम लावू नये. त्यांचे नर एकमेकांशी हाडवैर धरतात. दोन फुटी टाकीत स्वोर्डटेलचा एकच नर असावा, आणि खरे तर त्यांना याहून लांब टाकी हवी. मॉलीही तीन-चार इंच वाढते व जास्त खाते. तेव्हा सुरुवात गप्पी किंवा प्लॅटीने करावी. प्लॅटीमध्येही नर एक, माद्या दोन-तीन हेच प्रमाण ठेवावे.

फक्त माद्या आणल्या तर पिल्ले होणार नाहीत, हा समज मात्र खोटा आहे. या माशांची मादी नराचे शुक्राणू शरीरात काही महिने साठवून ठेवते आणि एकदा झालेल्या मीलनातून पुढे अनेकदा प्रसवते. दुकानातील टाकीत नर-मादी एकत्रच असतात, त्यामुळे तेथून आणलेली मोठी मादी बहुधा गाभणच असते.

बरोबरीला इतर मासे ठेवायचे तर स्वभाव पाहून ठेवावेत. झेब्रा डॅनिओ हा आपल्या देशातलाच चपळ मासा चालतो. तळाशी वावरणारे कोरीडोरसही निरुपद्रवी. टायगर बार्ब गप्पीच्या शेपट्या कुरतडतो. एंजल मासा पिल्ले गिळतो. फायटरला झुपकेदार गप्पी म्हणजे आपला प्रतिस्पर्धीच वाटतो. गोल्डफिश शांत असला तरी त्याला थंड पाणी हवे आणि तो घाण फार करतो. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर दुकानात दोन इंचांचा असतो, पण पुढे फूटभर किंवा अधिक वाढतो. त्याला दोन फुटी टाकीत ठेवणे म्हणजे माणसाला कपाटात ठेवण्यासारखे आहे.

नवे मासे क्रॉफर्ड मार्केटमधून पिशवीत घालून विरार लोकलच्या गर्दीतून आणायचे, तर दुपारची वेळ निवडावी. घरी आल्यावर बंद पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी. मग पिशवीत टाकीचे थोडे थोडे पाणी घालत अर्ध्या तासाने मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

चिमूटभर अन्न

मासे उपासमारीने क्वचित मरतात, जास्त खाऊ घातल्याने मात्र नेहमी मरतात. घरात येणारा प्रत्येक पाहुणा चिमूट टाकतो, मासे वर येतात, मुलांना वाटते त्यांना भूक लागली आहे. उरलेले अन्न तळाला कुजते आणि अमोनिया वाढतो. नियम साधा ठेवावा : दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच, आणि घालणारी व्यक्ती एकच. आठवड्यातून एक दिवस अन्न दिले नाही तरी चालते. मॉली व प्लॅटीला उकडून कुस्करलेला पालक किंवा सोललेला मटार आवडतो.

दुकानात ट्युबिफेक्स नावाचे लाल जिवंत किडे मिळतात. ते घाण पाण्यात वाढतात आणि त्यांच्याबरोबर रोग टाकीत येतात. तेव्हा ते न देणेच बरे. येथे एक ऐतिहासिक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे. तीत काही मासेही आहेत. ठरावीक पौर्णिमांना व उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत व विकू नयेत अशी आज्ञा आहे. गाभण किंवा पिल्लाला पाजणाऱ्या शेळी-मेंढीला मारू नये असेही त्यात आहे. आणि एका जिवावर दुसऱ्या जिवाचे पोषण करू नये हेही त्यात सांगितले आहे. तयार कोरड्या खाद्यातही माशांची भुकटी असते, हे खरे. मांसाहारी वृत्तीच्या जिवाला केवळ पालकावर ठेवणे हीही क्रूरताच होईल. पण जिवंत किड्यांची गरज नसताना केवळ गंमत पाहण्यासाठी ते टाकणे आपण टाळू शकतो.

चक्रवाढीचा हिशेब

मादी साधारण तीन ते चार आठवड्यांनी प्रसवते. पोट चौकोनी दिसू लागते आणि शेपटीकडच्या बाजूचा काळसर डाग गडद होतो, ही खूण. एका वेळी वीस ते पन्नास पिल्ले सहज होतात. आई-वडीलच त्यातील बरीच पिल्ले खातात. हे पाहून मुले रडतात आणि मोठी माणसे ‘कलियुग आले’ म्हणतात. माशाला आपले-परके कळत नाही, हलणारी छोटी वस्तू म्हणजे अन्न एवढेच कळते. जावा मॉसचा दाट गुंता असेल तर काही पिल्ले वाचतात.

सगळीच वाचवायची ठरवली तर काय होईल, हा हिशेब विद्यार्थ्यांनी करून पाहावा. एक मादी दरमहा ३० पिल्ले देते, त्यातील निम्म्या माद्या आणि त्या चार महिन्यांच्या झाल्या की तेवढीच पिल्ले देऊ लागतात असे धरा. मूळ मादीची सहा महिन्यांची १८० पिल्ले. पाचव्या महिन्यात पहिल्या वेतातील १५ लेकींची ४५०. सहाव्या महिन्यात पहिल्या दोन वेतांतील ३० लेकींची ९००. एकूण १,५३०! बँकेत कुठल्याही ठेवीवर असा दर मिळत नाही. प्रत्यक्षात एवढी जगत नाहीत, पण ४५ लिटरच्या टाकीला याचा दहावा हिस्साही पेलत नाही.

म्हणून पिल्ले होण्यापूर्वीच निर्णय घ्यावा. केवळ नरांचा कळप ठेवणे हा पहिला मार्ग. दुसरा, पिल्ले चार-पाच आठवड्यांची होताच नर व मादी वेगवेगळ्या टाक्यांत करणे. तिसरा, टाकीतील निसर्गक्रमात ढवळाढवळ न करता जी थोडी वाचतील तेवढीच वाढवणे. वाचलेली पिल्ले नातेवाईक, शाळेची प्रयोगशाळा किंवा दुकानदार यांना आधी विचारून द्यावीत. घेणाऱ्याजवळ तयार टाकी आहे का हेही पाहावे. आपली अडचण दुसऱ्याच्या घरी पाठवणे म्हणजे दान नव्हे.

तळ्यात सोडणे पुण्याचे का नाही?

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्या वसई तालुक्याला तलावांची देणगी आहे. सोपाऱ्याचा चक्रेश्वर तलाव, पापडीचा तलाव आणि गावोगावची लहान तळी. नको झालेले मासे तेथे सोडावेत, त्यांना स्वातंत्र्य मिळेल, असे कुणालाही वाटते. अनेक बौद्ध देशांत पौर्णिमेला किंवा मंगलदिनी पक्षी, कासवे, मासे मुक्त करण्याची प्रथाही आहे. भावना उदात्त आहे, परिणाम मात्र तपासला पाहिजे.

बाहेरून आलेला मासा तळ्यात गेला की एकतर तो मरतो, किंवा तो तग धरतो आणि तेथील मूळ मासे मरतात. गप्पी दुसऱ्या प्रकारचा आहे. गटाराच्या पाण्यातही तो जगतो. तो स्थानिक माशांची अंडी व पिल्ले खातो, त्यांचे अन्न खातो आणि टाकीतले रोग बरोबर नेतो. गप्पीचाच नातेवाईक गंबुसिया डासांवर उपाय म्हणून १९२८ च्या सुमारास भारतात आणला गेला. आज तो जगातील सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवजातींच्या यादीत आहे. उजनीच्या जलाशयात बाहेरून आलेल्या चिलापीने मूळ माशांची जागा कशी घेतली हे सोलापूर-पुण्याकडील मच्छिमार सांगतील. वर उल्लेख केलेला सकरही तेथील जाळ्यांत सापडतो आणि जाळी फाडतो. आपल्या कोकणपट्टीतील तळ्या-डबक्यांत डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला एक लहान देशी मासा असतो. तो पाण्याच्या पृष्ठभागालगत राहून डासांच्या अळ्याच खातो. गप्पीला जागा देताना आपण याची जागा काढून घेतो.

हिवताप विभाग गप्पी सोडतो ते काय, असे कुणी विचारील. तो आरोग्य खात्याचा कार्यक्रम आहे. कोणत्या साचलेल्या पाण्यात, टाकीत वा विहिरीत मासे सोडायचे हे तेथे पाहून ठरवले जाते. आपण पिशवी घेऊन तळ्यावर जाणे ही वेगळी गोष्ट आहे. परदेशातही हा धडा मिळाला आहे. २०१५ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटनच्या किनाऱ्यावर एका बौद्ध विधीच्या निमित्ताने परदेशी जातीचे शेवंड व खेकडे समुद्रात सोडण्यात आले. ते शोधून काढण्यासाठी मच्छिमारांना कामाला लावावे लागले आणि २०१७ मध्ये न्यायालयाने संबंधितांना मोठा दंड केला. हेतू जीवदानाचा होता, ज्ञान नव्हते. तेव्हा मासे तळ्यात, नाल्यात, खाडीत किंवा विहिरीत स्वतःहून कधीही सोडू नयेत. टाकीतील वनस्पतीही नाल्यात टाकू नयेत, त्या वाळवून कुंडीत खत म्हणून घालाव्यात.

मग मासे पाळावेत की नाही?

कुणी विचारील की जीव काचेत कोंडणे पंचशीलात बसते का? प्रश्न योग्य आहे आणि तो प्रत्येकाने स्वतःला विचारावा. बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा करताना तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करून वागण्याचे स्वातंत्र्य देते आणि त्याबरोबर जबाबदारीही देते. मासे पाळूच नयेत असा नियम करता येईल, पण त्यातून काही शिकणे होणार नाही. पाळलेल्या जिवाला पुरेशी जागा, योग्य पाणी, योग्य सोबत आणि त्याच्या पिल्लांची आधीच केलेली तजवीज एवढे देता येत असेल तर पाळावेत. देता येत नसेल तर आणू नयेत, आणि आणलेले दुसऱ्या योग्य घरी द्यावेत.

आपण ज्या मातीवर राहतो तिला या विचाराचा वारसा आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात स्तूपाचे अवशेष मिळाले, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला सापडला. आठव्या लेखाचा विषय असा : पूर्वीचे राजे शिकारीसाठी विहारयात्रा करीत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला जाऊन त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली. राजाने करमणूक सोडून दिली नाही, तिची दिशा बदलली. प्राण्याच्या जिवावर उठणारी करमणूक गेली आणि शिकण्याची, भेटण्याची, समजून घेण्याची यात्रा आली.

घरातील मासे हीही आधी करमणूकच असते. आपल्या मुलांनी वहीत आठवड्याचे पाणी बदलल्याची तारीख लिहिली, नर किती माद्या किती हे मोजले, पाहुण्याला ‘काका, आज त्यांचे जेवण झाले आहे’ असे नम्रपणे सांगितले आणि नको झालेले मासे तळ्यात सोडायला निघालेल्या शेजाऱ्याला थांबवून कारण समजावले, तर ती करमणूक अभ्यास होते. टाकी विकत घेण्यापूर्वी संस्थेतील ज्यांच्या घरी जुनी टाकी आहे त्यांच्याकडे दोन रविवार जाऊन बसावे, पाणी बदलू लागावे, आणि मग ठरवावे.

जय भीम! नमो बुद्धाय!